नसांची इजा आणि फौजेची डिसेबिलिटी पेन्शन: दावा नेमका कुठे अडतो

फौजेतून घरी आलेल्या माणसाची एका पायातली चप्पल चालताना सारखी निसटू लागली, तर तो आधी चप्पल बदलतो. मग मागे पट्टा असलेली सँडल घेतो. घरचे म्हणतात, वय झालं. खरं कारण बऱ्याचदा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, कातडीखाली अगदी वरवर असलेल्या एका नसेत असतं. तिला पेरोनिअल नर्व्ह म्हणतात. पाऊल आणि बोटं वर उचलणारे स्नायू तिच्यावर चालतात. ती दुखावली की पाऊल लोंबतं, बोटं जमिनीला घासतात आणि चप्पल धरून ठेवता येत नाही. डॉक्टर याला फूट ड्रॉप म्हणतात. कमरेची गादी सरकून तिथली नस दबली तरीही हेच होतं.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं देणारी गावं आहेत. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. अशा गावांत डिसेबिलिटी पेन्शन, म्हणजे सेवेत आलेल्या अपंगत्वासाठीची पेन्शन, हा शब्द पोराटोरांनाही ठाऊक असतो. पण ती एकाला मिळाली आणि दुसऱ्याची नाकारली, याचं कारण विचारलं तर 'ज्याचं त्याचं नशीब' एवढंच उत्तर मिळतं. नसांच्या इजेत तरी मला हे पटत नाही. बरंच काही वैद्यकीय बोर्डाच्या एका फॉर्ममधल्या एका तक्त्यात ठरतं, आणि तो तक्ता कसा भरला जातो हे जवानाला आणि त्याच्या घरच्यांना कळलं पाहिजे.

नसा दुखावतात कशा

इथे आपण रक्तवाहिन्यांबद्दल नाही, मज्जातंतूंबद्दल बोलतोय. शरीरातले सर्वांत लांब मज्जातंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जातात, साधारण एक मीटर. कालव्याला पाणी कमी सुटलं की आधी टेलच्या शेतकऱ्याचं वावर कोरडं पडतं. तसंच मधुमेह, जीवनसत्त्वांची कमतरता किंवा एखादं औषध यामुळे सगळ्या नसांवर ताण आला, की त्रास आधी पावलांत सुरू होतो. मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो, मग रात्री तळपायांची आग होते. याला पेरिफेरल न्यूरोपथी म्हणतात. क्षयावरच्या आयसोनियाझिड या गोळीनेही ती होऊ शकते, म्हणून सोबत बी-६ जीवनसत्त्व देतात.

फौजेतली कारणं याहून वेगळीही असतात. गोळी किंवा स्प्लिंटर नसेतून गेलं तर प्रश्नच नाही. पण जड पिठ्ठूचा, म्हणजे पाठीवरच्या सॅकचा, पट्टा खांद्यावर दिवसेंदिवस रुतत राहिला, तर मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं दबतं आणि हात उचलणं जड होतं. याला वैद्यकीय पुस्तकांत स्वतंत्र नाव आहे. डोंगराळ रस्त्यावर वर्षानुवर्षं जड गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरची कंबर जाते. ऑब्स्टॅकल कोर्सवर पडून मणक्याला मार बसतो.

थंडीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. फ्रॉस्टबाइटमध्ये बोट काळं पडतं, ते सगळ्यांना दिसतं आणि त्याची नोंदही होते. पण तापमान गोठणबिंदूच्या थोडं वर असताना ओल्या मोज्यांत आणि बुटांत पाय सतत राहिले, तर कातडी न गोठताही नसा आणि बारीक रक्तवाहिन्या दुखावतात. पाय गरम झाल्यावर सुजतो, लाल होतो, काही आठवड्यांनी बाहेरून अगदी चांगला दिसतो. जवान पुन्हा ड्युटीवर जातो. पुढे वर्षानुवर्षं थंडी पडली की त्याच पायात आग होते, स्पर्श नीट कळत नाही, खडा टोचला तरी समजत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला धडधाकट माणूस दिसतो. नसांच्या दाव्यातली पहिली अडचण ही आहे.

दुसरी अडचण वेळेची. तुटलेली नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. मांडीत वरच्या बाजूला इजा झाली तर पावलापर्यंत पोचायला दोन वर्षांहून जास्त काळ जाऊ शकतो, आणि नसेचा हुकूम तेवढा काळ न मिळालेला स्नायू तोवर बारीक होऊन कायमचा निकामी होऊ शकतो. त्यामुळे इजेनंतर तीन-चार महिन्यांनी कागदावर 'सुधारणा होत आहे' असं लिहिलेलं असलं, तरी शेवट काय होईल ते त्यावरून कळत नाही.

कागदावर पुरावा कसा उमटतो

नसांची मुख्य तपासणी म्हणजे एनसीव्ही आणि ईएमजी. एनसीव्हीत कातडीवरून विजेचा हलका झटका देऊन तो नसेतून किती वेगाने जातो ते मोजतात. निरोगी माणसात हाताच्या नसांत हा वेग साधारण सेकंदाला ५० मीटरच्या वर आणि पायात ४० च्या वर असतो. ईएमजीत स्नायूत बारीक सुई घालून त्याला नसेचा पुरवठा होतोय का ते पाहतात.

या तपासण्यांच्या दोन मर्यादा जवानाला महागात पडतात. पहिली अशी की ईएमजीतले बदल इजेनंतर दोन-तीन आठवड्यांनी दिसू लागतात. अपघातानंतर चौथ्या दिवशी केलेली ईएमजी नॉर्मल आली, तर नस शाबूत आहे असं त्यातून ठरत नाही. पण तोच कागद पुढे फाइलमध्ये राहतो. दुसरी मर्यादा: एनसीव्ही फक्त जाड तंतू मोजते. आग होणं, गरम-थंड न कळणं हे बारीक तंतूंचं काम. ते खराब असूनही एनसीव्ही नॉर्मल येऊ शकते. अशा वेळी 'एनसीव्ही नॉर्मल' या दोन शब्दांवर थांबू नये. पुढची तपासणी सुचवावी का, असं न्यूरोलॉजिस्टला विचारून त्याचं मत लेखी घ्यावं.

साध्या तपासणीतही पुष्कळ पुरावा असतो. डॉक्टर स्नायूची ताकद ० ते ५ अशी लिहितात. पाऊल वर उचलण्याची ताकद '३/५' म्हणजे पाऊल वर येतं, पण कुणी बोटाने दाबलं तर लगेच खाली जातं. दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजून एक बारीक असेल तर तेही लिहितात. हे आकडे बोर्डाच्या कागदांत आहेत का, हे बघणं फार महत्त्वाचं. 'पाय दुखतो' या तक्रारीला वजन नसतं. '३/५' आणि पोटरीत दोन सेंटिमीटरचा फरक याला असतं.

तो तक्ता

सेवेतून बाहेर पडताना रिलीज मेडिकल बोर्ड होतो. आजारामुळे मुदतीआधीच काढलं तर इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड. दोन्हींचे कागद एएफएमएसएफ-१६ या फॉर्मवर तयार होतात. त्यात जवानाचं स्वतःचं निवेदन असतं, युनिटच्या कमांडिंग ऑफिसरचं म्हणणं असतं, आणि मग बोर्डाचं मत. त्या मताच्या भागात एक तक्ता आहे. डाव्या रकान्यात आजाराचं नाव. पुढे तीन रकाने: आजार सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का, की सेवेशी संबंध नाही. प्रत्येकात हो किंवा नाही. शेवटचा रकाना कारणाचा. त्यानंतर वेगळ्या ठिकाणी अपंगत्वाची टक्केवारी आणि ते किती काळासाठी, हे येतं.

पेन्शन मिळायला दोन गोष्टी जमाव्या लागतात. पहिल्या किंवा दुसऱ्या रकान्यात 'हो' हवं, आणि टक्केवारी २० किंवा जास्त हवी. नसांच्या प्रकरणात टक्केवारी पुष्कळदा जमते. अडतं ते पहिल्या भागात. कारणाच्या रकान्यात ठरलेली वाक्यं येतात: आजार शांतता क्षेत्रात (सीमेपासून दूर, लढाई नसलेल्या ठाण्यात) सुरू झाला, आजार शरीरप्रकृतीचा आहे, सेवेतल्या ताणाशी संबंध नाही. फौजी बोलीत याला 'नाना' म्हणतात, म्हणजे 'नीदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रावेटेड'. शेकडो किलोमीटरची ड्रायव्हिंग करून कंबर गेलेल्या माणसाच्या कागदावर फक्त 'शांतता क्षेत्रात सुरुवात' लिहिलेलं असतं, तेव्हा मला त्या रकान्यातला उरलेला कोरा भाग जास्त बोचतो. तिथे त्याच्या पंधरा वर्षांच्या कामाबद्दल एक ओळ लिहिता आली असती.

कायदा कुणाच्या बाजूने आहे

१९८२ च्या एंटायटलमेंट रूल्सचा, म्हणजे ही पेन्शन कुणाला द्यायची ते ठरवणाऱ्या नियमांचा, गाभा सोपा आहे. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत ज्या आजाराची नोंद नाही, तो माणूस त्या वेळी निरोगी होता असं धरायचं. पुढे आजारामुळे काढावं लागलं तर तो सेवेत झाला असं सामान्यपणे मानायचं. दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा नाही, आणि शंका राहिली तर तिचा फायदा त्याला द्यायचा.

कित्येक वर्षं हे नियम पुस्तकात होते आणि कागदांवर 'नाना' येत होतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात हे नियम उलगडून दाखवले. फौजेच्या सिग्नल्स (संदेशवहन) विभागात १९८५ साली भरती झालेल्या या जवानाला फिट्स येऊ लागल्या होत्या आणि २० टक्के अपंगत्वावर त्याला काढलं होतं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही आणि बोर्डाने सेवेशी संबंध नाही असं म्हणताना कारण दिलेलं नाही, म्हणून पेन्शन द्या, असं न्यायालयाने सांगितलं. २०१५ मध्ये राजबीर सिंग यांच्या निकालाने तेच पुन्हा पक्कं केलं. त्याआधी २०१४ मध्ये सुखविंदर सिंग यांच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं होतं की आजारामुळे ज्याला नोकरीतूनच काढलं, त्याचं अपंगत्व २० टक्क्यांहून कमी धरता येणार नाही. २०२५ मध्ये बिजेंदर सिंग यांच्या प्रकरणात सियाचीनवर फिट्स सुरू झालेल्या जवानाला, १९८९ साली घरी पाठवल्यानंतर इतक्या वर्षांनी, ५० टक्क्यांचा हक्क मिळाला.

फिट्स मेंदूच्या, त्यामुळे हे निकाल हातापायांच्या नसांना लागू नाहीत असं काही जण म्हणतात. ते बरोबर नाही. निकालाचा मुद्दा पुरावा कुणी द्यायचा हा आहे, आणि तो सगळ्या आजारांना लागतो.

मात्र न्यायालय डोळे झाकून पेन्शन देतं असंही नाही. २०१९ मध्ये नरसिंह यादव यांच्या मानसिक आजाराच्या प्रकरणात दावा फेटाळला गेला; प्रत्येक प्रकरण त्याच्या वैद्यकीय नोंदींवर ठरेल, असं न्यायालयाने सांगितलं. सुट्टीवर असताना बहिणीच्या घरी पडून झालेल्या इजेलाही २०१५ मध्ये नकार मिळाला, कारण सेवेशी धागाच जुळत नव्हता. मोटारसायकलच्या अपघातात खांद्याच्या नसा तुटतात, ही तरुण जवानांत नेहमी दिसणारी इजा आहे. तो प्रवास कुठून कुठे आणि कशासाठी होता, यावर तिथे सगळा दावा उभा राहतो. म्हणून इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे कागद वेळेवर तयार होणं अत्यंत गरजेचं.

पैशांचं गणित

१०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम दरमहा मिळते, कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात. याला डिसेबिलिटी एलिमेंट म्हणतात. त्यावर महागाई सवलतही मिळते. सेवेची पेन्शन वेगळी.

यात 'ब्रॉड बँडिंग' नावाची तरतूद आहे. अपंगत्व ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरतात, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. समजा शेवटचा पगार ४०,००० आणि अपंगत्व २० टक्के. ४०,००० चे ३० टक्के म्हणजे १२,०००. त्याचे २० टक्के फक्त २,४०० होतात, पण ब्रॉड बँडिंगमुळे ५० टक्के धरले की ६,०००. आधी ही सवलत फक्त मुदतीआधी काढलेल्यांना देत होते. २०१४ च्या राम अवतार निकालाने पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळाली. त्या काळातले काही पेन्शनर आजही २० किंवा ३० टक्क्यांवरच आहेत. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) काढून टक्केवारीची ती ओळ तपासा.

प्रत्यक्ष युद्धातली इजा असेल आणि त्यामुळे काढलं असेल, तर १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराइतकी रक्कम मिळते. तो वेगळा वर्ग आहे. कंबर आणि पाय अशा दोन इजा असतील तर बोर्ड एकत्रित टक्केवारी ठरवतो, दोन आकड्यांची सरळ बेरीज होत नाही.

नाकारलं तर

नकाराचं पत्र रेकॉर्ड ऑफिसकडून येतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्यांचं बेळगावहून. त्याच पत्रात पहिल्या अपिलाची मुदत दिलेली असते, सहा महिने. पहिलं अपील, मग दुसरं अपील, आणि तिथेही नकार आला की आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल, म्हणजे फौजींचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण. महाराष्ट्रातल्यांसाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अपिलात नाराजी लिहून उपयोग नाही. बोर्डाने कारण दिलेलं नाही, भरतीच्या वेळी नोंद नव्हती, आणि माझी ड्युटी अशी होती, हे तीन मुद्दे तारखा आणि पोस्टिंगसह लिहावे. एएफएमएसएफ-१६ ची प्रत हातात नसेल तर ती आधी मागवावी. माहिती अधिकारातही मागता येते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज करायला मदत करतं, आणि २०२५ पासून नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) योजनेखाली अशा कार्यालयांत कायदेशीर मदतीची केंद्रंही सुरू झाली आहेत.

उशीर झाला म्हणून हक्क संपत नाही. तरसेम सिंग यांना १९८३ मध्ये काढलं होतं, ते न्यायालयात गेले १९९९ ला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की दरमहा न मिळणारी पेन्शन हा दरमहा होणारा अन्याय आहे, म्हणून दावा चालेल; थकबाकी मात्र दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच. म्हणजे घरी बसून घालवलेलं प्रत्येक वर्ष खिशातून जातं. शिवाय १९८२ नंतर आलेल्या २००८ च्या एंटायटलमेंट रूल्समध्ये एक अट आहे: सेवा सोडून १५ वर्षं उलटल्यावर दावा केला आणि तोवर कागद नष्ट झाले असतील, तर पुरावा द्यायचं ओझं जवानावर येतं.

नसांचा त्रास घरी आल्यावर वाढणं नेहमीचं आहे. आधी मान्य झालेला आजार वाढला तर रिसर्व्हे मेडिकल बोर्डाची (टक्केवारी पुन्हा तपासणाऱ्या बोर्डाची) मागणी करता येते. आणि आजार सेवेत सुरू होऊन नंतर उघड झाला, असं वैद्यकीयदृष्ट्या दिसत असेल, तर ठराविक वर्षांच्या आत नव्याने दावा करण्याची सोय नियमांत आहे. मधुमेहातून आलेल्या न्यूरोपथीत आधी मधुमेहाचा सेवेशी संबंध मान्य करून घ्यावा लागतो. तिथे घसरलं की पुढचं सगळं घसरतं.

जे अजून सेवेत आहेत

२१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवेतून बाहेर पडणाऱ्यांना नवे एंटायटलमेंट रूल्स लागतात. मुदत पूर्ण करून जाणाऱ्यांच्या रकमेला त्यात 'इम्पेअरमेंट रिलीफ' असं नाव आहे. निवृत्तीची तारीख बघूनच कुठला नियम लावायचा ते ठरतं, त्यामुळे गावातल्या जुन्या पेन्शनरचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. अग्निवीरांचं तर वेगळंच आहे. त्यांना मासिक डिसेबिलिटी पेन्शन नाही. सेवेमुळे आलेल्या १००, ७५ आणि ५० टक्के अपंगत्वाला अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख रुपये एकदाच मिळतात. चार वर्षांच्या नोकरीत झालेली नसेची इजा पुढची चाळीस वर्षं वाढत जाऊ शकते, हे बघता ही रचना मला अपुरी वाटते.

आपले जवान एक गोष्ट सर्रास करतात. शेप-१ (पूर्ण तंदुरुस्तीची वैद्यकीय श्रेणी) जाईल, कोर्स हुकेल, प्रमोशन थांबेल, म्हणून हातापायाच्या मुंग्या लपवतात. एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) जाऊन पेनकिलर घेतात आणि तक्रार 'अंगदुखी' म्हणून लिहून येतात. बोर्डापुढेही उभं राहून 'सब ठीक है, साब' म्हणतात. कुटुंबाने त्यांना फोनवर एवढं सांगावं: बधिरपणा कुठल्या बोटांत आहे, कधीपासून आहे, पिठ्ठू घातल्यावर वाढतो की थंडीत, हे एमआय रूमच्या नोंदीत जसंच्या तसं लिहून घ्या. बर्फातून खाली आल्यावर पाय सुजला होता तर पोस्टचं नाव आणि महिना लिहून घ्या. सर्व्हिस हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद, एनसीव्हीचा आलेख आणि कॅटेगरी बोर्डाची (वैद्यकीय श्रेणी ठरवणाऱ्या बोर्डाची) प्रत, या तिन्हींच्या झेरॉक्स घरी पाठवा. रिलीज मेडिकलच्या वेळी स्वतःच्या निवेदनाचा भाग कोरा ठेवून सही करू नका, आणि तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यात बोर्डाने काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तिथून उठू नका.